शेतीची माहिती आणि माणसांचे जाळे

एकाच गावात, एकाच प्रतीच्या जमिनीत, सारखाच पाऊस पडूनही दोन शेतकऱ्यांच्या उत्पन्नात मोठी तफावत दिसते. याची कारणे शोधताना आपण बियाणे, खते, पाणी, भांडवल आणि मेहनत यांचा विचार करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या प्रत्येक गोष्टीच्या मागे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे माहिती. कोणती जात निवडावी, फवारणी केव्हा करावी, माल कोणत्या बाजारात न्यावा, योजनेचे अर्ज केव्हा सुटले, हे एकाला वेळेवर कळते आणि दुसऱ्याला हंगाम सरल्यावर. ही माहिती बहुतेक वेळा एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे येते. तेव्हा आपले कोणाकोणाशी संबंध आहेत, यावर आपल्याला काय कळणार हे बरेचसे अवलंबून असते.

माणसांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला समाजशास्त्र म्हणतात. या शास्त्रातील काही महत्त्वाचे सिद्धान्त शेतकऱ्यांच्याच अभ्यासातून तयार झाले आहेत. त्यांची ओळख करून घेणे आणि माती परीक्षणाप्रमाणे आपल्या संबंधांचेही परीक्षण कसे करावे हे पाहणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

'जाळे' म्हणजे काय?

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जॉन बार्न्स यांनी नॉर्वेमधील ब्रेमनेस या बेटावरील लोकवस्तीचा अभ्यास केला. मासेमारी व शेती हे तेथील मुख्य व्यवसाय. तेथील लोक कोणाबरोबर काम करतात, कोणाला मदत मागतात, हे पाहताना घराणे, पंचायत, धंदा अशा ठरावीक चौकटी त्यांना अपुऱ्या वाटल्या. माणसांचे संबंध या चौकटी ओलांडून जात होते. १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी याला 'जाळे' असे म्हटले. जाळ्यातील गाठ म्हणजे माणूस आणि दोरा म्हणजे दोन माणसांतील संबंध. असे संबंध कागदावर ठिपके व रेषा काढून दाखविण्याची पद्धत त्याआधी १९३४ साली जेकब मोरेनो यांच्या ग्रंथातून पुढे आली होती.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. भावकी, सोयरीक, बांधाचा शेजार, सावड, इर्जिक, बचत गट, दूध संस्था, तालमीतील दोस्ती हे सर्व त्या जाळ्याचेच दोरे आहेत. मात्र सर्व दोरे सारखे नसतात. कोणता दोरा कोणत्या कामाचा, हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

आयोवातील मक्याची गोष्ट

नवी गोष्ट शेतकऱ्यांमध्ये कशी पसरते, याचा मूलभूत अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. १९२८ च्या सुमारास तेथे संकरित मक्याचे बियाणे आले. जुन्या वाणांपेक्षा त्याचे उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी जास्त होते. ताट मजबूत असल्याने यंत्राने काढणी करण्यास ते सोईचे होते आणि ते दुष्काळातही तग धरीत असे. परंतु दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागे. पिढ्यान् पिढ्या घरचे बी निवडून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हा बदल मोठा होता.

ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी तेथील दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची माहिती गोळा केली आणि १९४३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी संकरित मका स्वीकारला होता. परंतु हा प्रसार एकसारख्या गतीने झाला नव्हता. १९३३ पर्यंत, म्हणजे पहिल्या पाच वर्षांत, जेमतेम १० टक्के शेतकरी तिकडे वळले होते. पुढील तीनच वर्षांत हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे. संकरित मक्याची पहिली माहिती कोणाकडून मिळाली, असे विचारले तेव्हा सुमारे निम्म्या शेतकऱ्यांनी बियाणे विक्रेत्याचे नाव सांगितले. शेजाऱ्याकडून प्रथम कळले असे सांगणारे सुमारे १५ टक्केच होते. परंतु निर्णय घेताना सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा पडला, असे विचारल्यावर सुमारे ४५ टक्क्यांनी शेजाऱ्यांचे नाव घेतले. म्हणजे बातमी बाहेरून आली, विश्वास मात्र शेजारच्या शेतात पीक पाहून बसला. बहुतेकांनी पहिल्या वर्षी थोड्याच क्षेत्रावर बी पेरून पाहिले व नंतर क्षेत्र वाढविले.

सर्वांत आधी पुढे आलेले शेतकरी कोण होते? त्यांच्याकडे जमीन जास्त होती, शिक्षण जास्त होते. शिवाय राज्याची राजधानी डे मॉइन येथे त्यांचे जाणे-येणे इतरांपेक्षा जास्त होते. गावाबाहेरचा दोरा त्यांच्या हाती होता.

याच आयोवात एका शेतकरी कुटुंबात १९३१ साली जन्मलेले एव्हरेट रॉजर्स यांनी पुढे हा विषय जगभर नेला. त्यांच्या वडिलांना नव्या यंत्रांची हौस होती, पण संकरित मका त्यांना पटत नव्हता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि त्यांचा वाळून गेला, तेव्हा त्यांचे मत बदलले. रॉजर्स यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवीन तंत्राचा अवलंब करणाऱ्यांचे पाच गट सांगितले आहेत : प्रवर्तक २.५ टक्के, लवकर अवलंब करणारे १३.५ टक्के, पाहून करणारे ३४ टक्के, उशिरा करणारे ३४ टक्के आणि सर्वांत मागे राहणारे १६ टक्के. विस्तार शिक्षणाच्या वर्गांत ही विभागणी आजही शिकविली जाते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. 'मागे राहणारा' म्हणजे आळशी किंवा अडाणी, असा अर्थ घेऊ नये. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि एक हंगाम फसला तर घर चालत नाही, त्याने थांबून पाहणे हा शहाणपणाही असू शकतो. अनेकदा तर माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. दोष माणसाच्या माथी मारण्याची ही सवय अभ्यासकांनाही होती, हे स्वतः रॉजर्स यांनी पुढील आवृत्त्यांमध्ये मान्य केले आहे.

लांबच्या ओळखीचे बळ

आपल्याला सर्वांत उपयोगी माहिती आपल्या सर्वांत जवळच्या माणसांकडून मिळते, असे आपण धरून चालतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली याच्या उलट विचार मांडला. बोस्टनजवळील एका शहरात नोकरी बदललेल्या लोकांकडे त्यांनी चौकशी केली. ज्यांना ओळखीतून नोकरीची बातमी कळली होती, त्यांना विचारले की, त्या काळात बातमी देणाऱ्याची व तुमची गाठ किती वेळा पडत होती? वारंवार, असे सांगणारे सुमारे १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळले असे सुमारे ५६ टक्क्यांनी, तर क्वचित भेटणाऱ्याकडून कळले असे सुमारे २८ टक्क्यांनी सांगितले.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. आपली जवळची माणसे एकमेकांच्याही जवळची असतात. चुलत भाऊ, शेजारी आणि पारावर रोज बसणारे मित्र एकाच दुकानात जातात, एकाच बाजारात माल नेतात. त्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असते. वर्षातून दोनदा भेटणारा माणूस मात्र दुसऱ्याच वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे आपण न ऐकलेली गोष्ट असते. दोन वर्तुळांना जोडणारा हा धागा सैल असला, तरी पुलाचे काम करतो. तो तुटला तर एक वर्तुळ दुसऱ्यापासून वेगळे पडते.

सोयरीक हा आपल्याकडील अशा पुलाचा उत्तम नमुना आहे. लेक दुसऱ्या तालुक्यात दिली की तेथील पीकपद्धतीची वाट आपल्या घरापर्यंत येते. मामाच्या गावाहून बी आणणे, माहेरच्या गावची भाजीची जात सासरी लावून पाहणे, हे आपल्याकडे जुनेच आहे. या नात्यात जवळीकही असते आणि अंतरही असते, म्हणून बातमी नवी असूनही तिच्यावर विश्वास बसतो. बाजार समितीत भेटलेला परगावचा बागायतदार, मेळाव्यात ओळख झालेला शास्त्रज्ञ, सहलीत सोबत असलेला दुसऱ्या जिल्ह्याचा शेतकरी या ओळखी मात्र आपण जपत नाही. त्या जपल्या पाहिजेत.

ऐकणे वेगळे, विश्वास बसणे वेगळे

नुसती बातमी पोहोचली म्हणजे काम झाले, असे नाही. नोकरीची जागा रिकामी असल्याची बातमी एकदा ऐकली तरी पुरते. नव्या पद्धतीत मात्र आपले पैसे आणि आपला हंगाम अडकतो. तेथे एकाच्या सांगण्यावर माणूस पुढे पाऊल टाकीत नाही.

आफ्रिकेतील मलावी देशात २०० गावांत याची तपासणी करण्यात आली. मक्यासाठी खड्डे करून पाणी मुरविण्याची पद्धत प्रत्येक गावातील दोन निवडक शेतकऱ्यांना शिकविण्यात आली. हे दोन शेतकरी कोणते असावेत, हे वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या रीतीने ठरविले गेले. काही गावांत ते नेहमीप्रमाणे विस्तार कर्मचाऱ्यांनी निवडले, तर काही गावांत गावातील संबंधांचा नकाशा पाहून निवडले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बहुतेक शेतकऱ्यांना एकापेक्षा जास्त माणसांकडून माहिती मिळाल्यावरच ते नव्या पद्धतीकडे वळतात. म्हणून शिकविलेली दोन माणसे एकाच मंडळीच्या परिचयाची असतील, तर त्या मंडळीत नवी पद्धत रुजण्याची शक्यता वाढते.

घाना देशात १९९० च्या दशकात निर्यातीसाठी अननसाची नव्याने लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यासही बोलका आहे. ज्यांच्याशी आपण शेतीविषयी बोलतो, त्यांच्यापैकी कोणाला जास्त खत देऊन अपेक्षेपेक्षा बराच जास्त नफा झाला, तर पुढच्या वेळी शेतकरी आपली खताची मात्रा त्याच्या दिशेने बदलत असत. नवख्या शेतकऱ्यांत हे जास्त दिसले. मका व कसावा या नेहमीच्या पिकांत मात्र असे शिकणे आढळले नाही, कारण तेथे प्रत्येकाला आपापला अनुभव होता. अभ्यासकांनी आणखी एक फरक ध्यानात घेतला होता. बांधाला बांध लागून असलेला शेजारी हा माहितीचा शेजारी असतोच असे नाही. बांधावरून अबोला असलेल्या आपल्या गावांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही!

थोडक्यात, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते आणि तिच्यावरचा विश्वास जवळच्या नात्यांतून तयार होतो. शेतकऱ्याला दोन्हींची गरज आहे. केवळ जवळची नाती असलेला शेतकरी सुरक्षित राहतो, पण नवे त्याला उशिरा कळते. केवळ लांबच्या ओळखी असलेल्याला सर्व काही कळते, पण अडचणीच्या वेळी बैलजोडी, मजूर किंवा उसनवारी देणारा कोणी नसतो.

माहिती कोठे अडते?

१९७० च्या दशकात आपल्या देशात प्रशिक्षण व भेट योजना सुरू झाली व पुढे ती महाराष्ट्रातही राबविली गेली. या योजनेत काही 'संपर्क शेतकरी' निवडून त्यांच्यामार्फत इतरांपर्यंत शिफारशी जाव्यात, अशी अपेक्षा होती. अनेक ठिकाणी उत्तम काम झाले. परंतु संपर्क शेतकरी ज्या वस्तीतला, ज्या भावकीतला, तेथपर्यंतच माहिती गेली आणि पुढे झिरपली नाही, असाही अनुभव आला. पाणी उताराकडे आपोआप वाहते. माहितीचे तसे नाही, तिला चारी काढून द्यावी लागते.

राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने २००३ साली देशातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. आधुनिक तंत्रज्ञानाची माहिती कोणत्या ना कोणत्या मार्गाने मिळविणारी कुटुंबे सुमारे ४० टक्केच आढळली. प्रगतिशील शेतकऱ्यांकडून माहिती घेणारी सुमारे १७ टक्के, निविष्ठा विक्रेत्यांकडून व आकाशवाणीवरून घेणारी प्रत्येकी सुमारे १३ टक्के, तर विस्तार कर्मचाऱ्यांकडून घेणारी सुमारे ६ टक्के होती. त्यानंतर भ्रमणध्वनी घरोघरी आला आहे. तरी माहितीसाठी माणूस प्रथम माणसालाच विचारतो, ही गोष्ट बदललेली नाही.

माहिती अडण्याची तीन ठिकाणे विशेष लक्षात घ्यावीत.

१) एकाच दोऱ्यावर सर्व भार : काही शेतकऱ्यांच्या बाबतीत औषध देणारा, त्याविषयी सल्ला देणारा आणि उधारी देणारा हा एकच दुकानदार असतो. बरेच दुकानदार प्रामाणिक सल्ला देतात. परंतु ज्याची उधारी डोक्यावर आहे, त्याला 'हे औषध नको' असे म्हणणे कठीण जाते. सल्ल्याचा निदान एक दोरा विक्रीपासून वेगळा असावा.

२) मजुरापर्यंत न पोहोचलेली माहिती : २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु फवारणीची माहिती ज्याच्या जिवाशी निगडित आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचते का, हा प्रश्न प्रत्येक शेतमालकाने स्वतःला विचारला पाहिजे. डब्यावरील त्रिकोणाच्या रंगाचा अर्थ, हातमोजे व तोंडावरील आवरण, वाऱ्याची दिशा, औषधे आपल्या मनाने एकत्र न मिसळणे, या गोष्टी मालकाला ठाऊक असून उपयोग नाही. पंप ज्याच्या पाठीवर आहे, त्याला त्या समजावून सांगितल्या पाहिजेत. माहितीच्या जाळ्यात तो शेवटच्या टोकाला असतो आणि धोक्याच्या मात्र सर्वांत जवळ असतो.

३) शेतकरी महिला : २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे. निंदणी, वेचणी, बियाणे साठवण, जनावरांची निगा ही कामे तर बहुतेक घरांत त्याच करतात. परंतु मेळाव्याचे निमंत्रण सातबारावरील पुरुषाच्या नावाने येते आणि चर्चा पारावर होते. पतीच्या निधनानंतर शेती सांभाळणाऱ्या भगिनीला तर त्याच्या ओळखीही मिळत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत पंधरा मिनिटे पिकांच्या चर्चेसाठी ठेवली, तर ही उणीव बरीच भरून निघते.

आपल्या जाळ्याचे परीक्षण

हंगाम सुरू होण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील कृती करावी. अर्धा तास पुरतो.

१) कोऱ्या कागदाच्या मध्यभागी आपल्या घराचा ठिपका काढावा.

२) गेल्या वर्षभरात शेतीविषयी ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले, त्यांचे ठिपके सभोवती काढावेत. नुसती ओळख धरू नये.

३) आठवड्यातून एकदा तरी भेटणाऱ्यांना जाड रेषेने व क्वचित भेटणाऱ्यांना बारीक रेषेने जोडावे.

४) त्या माणसांपैकी जे एकमेकांना चांगले ओळखतात, त्यांनाही आपसांत रेषेने जोडावे.

५) प्रत्येक ठिपक्याजवळ काय मिळते ते लिहावे : बियाण्याची माहिती, रोगाचे निदान, बाजारभाव, योजना, मजूर, उसनवारी.

आता कागदाकडे पाहावे. सर्व ठिपके एकमेकांना जोडलेले असतील, तर आपण एकाच वर्तुळात आहोत. तेथे बाहेरचे निदान दोन धागे जोडणे आवश्यक आहे. सर्व रेषा बारीक असतील, तर जवळचा गट बांधण्याकडे लक्ष द्यावे. एकाच ठिपक्याजवळ तीन-चार गोष्टी लिहिल्या असतील आणि त्यांत उधारीही असेल, तर तेथे आपण अडकण्याचा धोका आहे. आणि कागदावर घरातील बाईमाणसाच्या ओळखीचा एकही ठिपका नसेल, तर कागद अपुरा आहे असे समजावे.

गटासाठी काही सूचना

* गावात प्रात्यक्षिक घेताना दोन शेतकरी असे निवडावेत की, गावातील सर्व वस्त्यांचा त्यांच्याशी किंवा त्यांच्या जवळच्यांशी बोलण्याचा संबंध आहे. एकाच वस्तीत दोन्ही प्रात्यक्षिके घेऊ नयेत. मात्र प्रत्येक वस्तीतील लोकांना दोन्ही प्लॉट दाखवावेत.
* शिवार फेरीत फसलेला प्लॉटही दाखवावा. केवळ यशाच्या कथा ऐकून झालेला विश्वास पहिल्याच नुकसानीत तुटतो.
* गटातील एकाने दरवर्षी दुसऱ्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या भेटीस किंवा विद्यापीठाच्या मेळाव्यास जावे व परत आल्यावर बैठकीत वृत्तान्त सांगावा. दरवर्षी माणूस बदलावा.
* व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आलेली औषधाची किंवा बियाण्याची शिफारस कोणी लिहिली, कोणत्या भागासाठी लिहिली, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये. चांगली माहिती ज्या वाटेने धावते, त्याच वाटेने चुकीचीही धावते. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्र, सहायक कृषी अधिकारी किंवा किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१, निःशुल्क) येथे खात्री करावी.
* नव्या गोष्टीचा अवलंब प्रथम थोड्या क्षेत्रावर करावा. आयोवातील शेतकऱ्यांनी हेच केले होते.

वरील परीक्षणात गावातील आणखी एक गोष्ट दिसून येईल. काही ठिपके कोणाच्याच कागदावर नसतात. वस्तीच्या टोकाचे घर, नव्याने शेती कसायला घेतलेला बटईदार, एकटी शेती करणारी विधवा, यांना विचारायला कोणी नसते आणि त्यांना सांगायलाही कोणी नसते. किडीचा प्रादुर्भाव त्यांच्या शेतात सुरू झाला, तर तो बांध पाहून थांबत नाही. तेव्हा या हंगामात प्रत्येक शेतकरी गटाने आपल्या कागदावर असा निदान एक ठिपका वाढवावा आणि त्या घरापर्यंत पेरणीपूर्वी एकदा जाऊन यावे.